पैसे तासाचे, निष्ठा मात्र चोवीस तासांची हवी

निष्ठेच्या गप्पा आता बंद करा! डोक्यात तिडीक जाते ऐकून. "सीएचबीच्या लोकांना कॉलेजबद्दल आपुलकीच नाही," म्हणे. सीएचबी म्हणजे 'क्लॉक अवर बेसिस', तासागणिक पैसे मिळणारे आम्ही प्राध्यापक. कुठून येणार आपुलकी?

प्राध्यापक होण्यासाठीची नेट परीक्षा झाली, पीएचडी झाली, तरी आम्ही तासिका तत्त्वावर. वर्गात जेवढे तास घेतले तेवढ्यांचेच पैसे. दिवाळीची सुट्टी लागली, पैसे बंद. विद्यापीठाची परीक्षा सुरू झाली, तास नाहीत, पैसे बंद. मे महिन्यात घर कसं चालवायचं ते आमचं आम्ही बघायचं.

आणि कामं? कॉलेजचा दर्जा तपासायला नॅकची समिती येणार म्हटलं की रात्री आठ-आठ वाजेपर्यंत फायलींच्या पानांवर नंबर टाकत आम्हीच बसायचं. पाच वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमांचे फोटो, हजेरीपत्रकं, अहवाल, सगळं आम्हीच शोधायचं. प्रवेशाचे फॉर्म तपासायचे, एनएसएसच्या शिबिराला पोरांबरोबर राहायचं. बिलात यातल्या कशाचीही ओळ नसते. ते बिलसुद्धा प्राचार्यांच्या सहीला थांबणार, मग उच्च शिक्षण खात्याच्या सहसंचालक कार्यालयात जाणार, तिथून त्रुटी काढून परत येणार. जुलैत शिकवलेल्याचे पैसे जानेवारी उजाडला तरी नाहीत! किराणावाला सहा महिने थांबतो का?

यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१९ मध्येच अतिथी प्राध्यापकांसाठी तासाला १५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असा दर सांगितला. समान कामाला समान वेतन हा हंगामी कर्मचाऱ्याचाही हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पंजाबच्या खटल्यात सांगितलं. गुजरातच्या कंत्राटी प्राध्यापकांच्या प्रकरणात तर २०२५ मध्ये थेट सुनावलं की समारंभात 'गुरुर्ब्रह्मा' म्हणून भागत नाही. कागदावर सगळं आहे हो, आमच्या खात्यात काय पडतं ते बघा.

कायम प्राध्यापकांवर माझा राग नाही. त्यांना मिळतं ते योग्यच आहे. पण तोच अभ्यासक्रम, तीच पोरं, आणि आमच्या हातात त्यांच्या पगाराचा एक तुकडा?

आमचा संख्याशास्त्राचा एक सहकारी यंदा ऐन सत्रात खासगी क्लासला गेला. दर महिन्याच्या एक तारखेला पगार मिळतो तिथे. जीव तोडून शिकवायचा तो, पोरं त्याच्या तासाला मागे उभी राहायची. आता टी.वाय.चा अर्धा अभ्यासक्रम तसाच पडलाय. परीक्षेत त्याची किंमत पोरं मोजणार. आणि स्टाफरूममध्ये कृतघ्न कोणाला ठरवलं? त्यालाच!