‘वयात येताना मुलं भरतातच’: एका आईच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली आहे, पण त्यात विचार करण्यासारखं बरंच आहे. म्हणून दोन ओळींत ‘धन्यवाद’ म्हणून सुटावंसं वाटलं नाही. ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: वयात येणाऱ्या मुलामुलींचा बीपी वर्षातून एकदा तरी मोजावा, नुसत्या वजनावर न जाता पोटाचा घेर बघावा आणि मानेवरचा काळपटपणा मळ समजून सोडून देऊ नये, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता की या वयात मुलं थोडी भरतात आणि मग आपोआप उंची घेतात, त्याचा आजार कशाला करायचा? तुमचा नववीतला मुलगा काडीपैलवान आहे, तरी शाळेच्या तपासणीत त्याचा बीपी १३४/८४ निघाला, मग वजनाचा आणि बीपीचा संबंध राहिला कुठे? असले लेख वाचून मुली जेवण सोडतात. आणि शेवटी, हे सगळं तपासण्या खपवायला चाललंय.

आधी तुमच्या मुलाचं बोलू. बाकीचा वाद थांबला तरी चालेल, ते थांबू नये.

तेराव्या वर्षानंतर १२०/८० च्या आतला बीपी ठीक मानतात. वरचा आकडा १३० किंवा खालचा ८० झाला की तो उच्च रक्तदाबाच्या पहिल्या टप्प्यात जातो. म्हणजे १३४/८४ हा सोडून देण्यासारखा आकडा नाही. पण एका मोजणीवरून निदानही होत नाही. शाळेतल्या तपासणीत काय होतं ते मी पाहिलेलं आहे. पोरं दोन जिने चढून धापा टाकत रांगेत येतात, मागचा पुढच्याला ढकलत असतो, एकच पट्टा सगळ्यांच्या दंडाला. नीट मोजायचं तर मुलाने पाच मिनिटं शांत बसायला हवं, पाठ टेकलेली, पाय जमिनीला लागलेले, पायावर पाय नाही, उजवा हात छातीच्या उंचीवर टेकवलेला, आणि त्या वेळात कुणी त्याच्याशी बोलायचं नाही. पट्ट्यातली फुगणारी पिशवी दंडाच्या घेराच्या किमान ८० टक्के भागाभोवती यायला हवी. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला तर आकडा खोटा वाढतो, आणि बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला तर खोटा उतरतो. तुमचा मुलगा बारीक आहे. मोठ्यांचा पट्टा बांधला असेल तर त्याचा खरा आकडा कदाचित आणखी वर असेल, म्हणून ‘मशीन चुकलं असेल’ एवढ्यावर हे सोडू नका.

वेगवेगळ्या तीन दिवशी, अशा पद्धतीने, बालरोगतज्ज्ञांकडे मोजून घ्या. मनगटावर बांधायचं यंत्र नको. डॉक्टरांकडे गेल्यावरच बीपी चढतो अशी शंका आली तर चोवीस तास दंडाला बांधून ठेवायचं यंत्र मिळतं. आणि तिन्ही वेळा आकडा वरच आला तर बारीक मुलात आम्ही जास्त बारकाईने शोधतो, कारण वजनाकडे बोट दाखवून मोकळं होता येत नाही. लहानपणीच्या लघवीच्या जंतुसंसर्गाने मूत्रपिंडावर व्रण राहिलेत का, मूत्रपिंडाला रक्त नेणारी धमनी अरुंद झाली आहे का, महाधमनीला छातीत कुठे चिमटा बसला आहे का. जांघेतली नाडी हाताला लागते का आणि पायातला बीपी हातापेक्षा कमी आहे का, हे तपासायला दोन मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत. डॉक्टरांनी ते केलं नाही तर तुम्ही विचारा.

वजन आणि बीपीचा संबंध आहे, याचा अर्थ दुसरं कुठलंच कारण नसतं असा नाही. पण ‘बारीक आहे म्हणजे सगळं ठीक’ ही समजूत मात्र मला खरोखर अस्वस्थ करते, आणि त्याचं कारण इथलंच, पुण्याचं आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ वर्षांच्या मुलांचा एक अभ्यास केला, तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मतः कमी वजनाची आणि आठव्या वर्षी अंगावर चरबी जास्त असलेली, अशा मुलांमध्ये इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं, सर्वांत जास्त सापडला. आठव्या वर्षी, वयात येण्याच्या आधीच. त्याआधी १९९३ मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांची आणि पुढे त्यांच्या बाळांची पाहणी सुरू केली होती. त्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं स्नायूंनी, पोटातल्या अवयवांनी, सगळ्यांनीच लहान होती. पण खवाट्याखालच्या कातडीची घडी चिमट्याने मोजली तेव्हा तिथली चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबी राखलेलं बाळ.

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक फोटो छापून आला, तो मी पालकांना नेहमी दाखवते. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाट्याला यातलं काहीच कळत नाही.

देशभरातली मुलं बघितली तरी हेच दिसतं. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातली सुमारे २४ टक्के मुलं वयाच्या मानाने हडकुळी निघाली आणि जेमतेम ५ टक्के जादा वजनाची. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावरची साखर दिसली १० टक्के मुलांत. यात एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी: अशी साखर पाहायला एचबीएवनसी ही गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी वापरतात, आणि लोहाच्या कमतरतेमुळे ती थोडी वर दाखवू शकते. आपल्याकडे मुलींमध्ये ती कमतरता भरपूर आहे. तरीही, हा प्रश्न फक्त गुबगुबीत मुलांचा आहे असं या आकड्यांकडे बघून म्हणता येत नाही.

आता तुमचा पहिला मुद्दा, वयात येताना मुलं भरतात हा. तो बरोबर आहे, आणि या वयात इन्सुलिन रेझिस्टन्सही काही काळ वाढून पुन्हा ओसरतो, याला पक्का पुरावा आहे. अमेरिकेत मिनिआपोलिसच्या संशोधकांनी ३५७ मुलांवर क्लॅम्प नावाची चाचणी केली. एका शिरेतून ठरावीक इन्सुलिन चालू ठेवायचं, दुसऱ्या शिरेतून ग्लुकोज सोडत राहायचं आणि रक्तातली साखर एकाच पातळीवर ठेवायला किती ग्लुकोज लागतं ते बघायचं. जितकं कमी लागेल तितका इन्सुलिन रेझिस्टन्स जास्त. मुलं वयात यायला लागली की तो वाढतो, मधल्या टप्प्यावर सर्वांत जास्त असतो आणि वयात येणं पूर्ण होईपर्यंत पुन्हा जवळजवळ पूर्वपदावर येतो. मुलग्यांपेक्षा मुलींमध्ये तो थोडा जास्तच होता. वाढीचं संप्रेरक त्या काळात जोरात असतं, त्याचा यात मोठा हात आहे. त्यामुळे तेराव्या वर्षी मूल थोडं भरलं म्हणून कुणी ‘आजार आहे’ म्हणत असेल तर मीही तुमच्या बाजूने भांडेन.

पण त्याच गटाने मुलांना पुढे १९ व्या वर्षापर्यंत पाहिलं. तेराव्या वर्षी ज्यांचा इन्सुलिन रेझिस्टन्स जास्त होता त्यांचा वरचा बीपी एकोणिसाव्या वर्षी जास्त निघाला, आणि वजनाचा भाग हिशेबातून वेगळा काढला तरी हा संबंध टिकला. वजनाचा स्वतःचा परिणाम होताच, हा त्याच्याशिवायचा. सगळ्यांचंच आपोआप ओसरत नाही, आणि कुणाचं ओसरेल ते चेहऱ्याकडे बघून सांगता येत नाही.

इन्सुलिन साखरेचं काम करतं, मग बीपी का वाढतो, असं तुम्ही विचारलंय. दाराची बेल घरातल्यांना ऐकू येईनाशी झाली की बाहेरचा माणूस ती जास्त जोरात, जास्त वेळा वाजवतो. इथे स्नायू आणि यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. मूत्रपिंडाला मात्र ती बेल नीट ऐकू येत असते. इन्सुलिनचा निरोप तिथे ‘मीठ लघवीतून जाऊ देऊ नको’ असा असतो. जास्त इन्सुलिन म्हणजे जास्त मीठ अंगात, त्याबरोबर पाणी, आणि बीपी वर. शिवाय नाडी जलद करणाऱ्या मज्जातंतूंना चालना मिळते आणि रक्तवाहिन्या सैल ठेवण्याचं इन्सुलिनचं काम ढिलं पडतं.

मिशिगनमध्ये रॉकिनी आणि सहकाऱ्यांनी हे किशोरवयीन मुलांवर पाहिलं, १९८९ मध्ये. दोन आठवडे भरपूर मिठाचं जेवण, दोन आठवडे कमी मिठाचं. लठ्ठ मुलांचा सरासरी रक्तदाब कमी मिठावर १२ मिलिमीटरने उतरला. लठ्ठ नसलेल्या मुलांमध्ये फरक जवळपास शून्य. नंतर ज्यांनी वजन उतरवलं त्यांच्यात मिठाचा हा परिणामही कमी झाला. म्हणून मी मूळ लेखात मिठाबद्दल इतकं लिहिलं होतं. मधल्या सुट्टीत वेफर्स, क्लासला जाताना वडापाव, घरी आल्यावर मसाल्याच्या पुडीसकट दोन मिनिटांच्या नूडल्स, रात्री वरणभाताबरोबर पापड आणि लोणचं. भाजीत मीठ कमी घालून यातलं काही कमी होत नाही. मोठ्या माणसांसाठीच जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम आहे, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, आणि त्यात हे सगळं धरलेलं आहे.

मुलींबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते मला शंभर टक्के मान्य आहे. लग्नात भेटलेली मावशी ‘अगं किती सुटलीस’ म्हणते आणि चौदा वर्षांची मुलगी दुसऱ्या दिवसापासून पोळी बंद करते, हे माझ्याकडे येणाऱ्या घरांतून सतत घडतं. एक आई तर मुलीची मान लिंबू आणि बेसन लावून रोज घासायची, शेवटी कातडी सोलवटली. मुलगी खाली बघून बसली होती. मान मळकट नव्हतीच. इन्सुलिन जास्त झालं की मानेच्या मागची आणि काखेतली त्वचा जाड, मखमली, काळपट होते आणि ती घासून जात नाही. मी आईला एवढंच म्हटलं की हिला अस्वच्छ म्हणायचं आजपासून बंद. मग पाळीची चौकशी केली. ती दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी येत होती, आणि घरात कुणाला ते सांगितलेलं नव्हतं.

म्हणून माझ्या लेखात ‘वजन कमी करा’ असं एकही वाक्य नाही, परत बघा हवं तर. वाढत्या मुलांना डाएटवर घालायचं नसतं. उंची वाढत असताना वजन जागच्या जागी राहिलं तरी बहुतेक मुलांना पुरतं. आणि व्यायामाचा फायदा व्हायला वजन उतरावंच लागत नाही: आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर आत ओढतो, आणि खेळून झाल्यावर बरेच तास तो इन्सुलिनला जास्त दाद देतो. रोज साठ मिनिटं घाम येईल असं काहीही, कबड्डी, सायकल, दोरीवरच्या उड्या, नाच. पण आपण नववी-दहावीला नेमका खेळाचा तास गणिताला देतो. रात्री एकपर्यंत जागवतो आणि सहाला उठवतो, जेव्हा या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. झोप तुटली की इन्सुलिन रेझिस्टन्स आणि बीपी दोन्ही वाढतात. याबद्दल मला शाळा आणि क्लासवाल्यांचा राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

राहिला तपासण्या खपवण्याचा आरोप. उपाशीपोटी इन्सुलिन आणि त्यावरून काढलेला ‘होमा’ हा आकडा असलेली पॅकेजेस हल्ली जाहिरातीत दिसतात. मुलांसाठी ती सरसकट करू नका, असंच माझं मत आहे. वयात येताना इन्सुलिन वाढलेलंच असतं, प्रत्येक लॅबचं मोजमाप वेगळं आणि सर्वमान्य मर्यादा ठरलेली नाही. आकडा वर आला म्हणून उपाय काही बदलत नाही, घरची झोप तेवढी उडते. जादा वजन असेल आणि त्याबरोबर घरात मधुमेह, मानेवर काळपटपणा, वाढलेला बीपी, अनियमित पाळी किंवा जन्मतः कमी वजन असं काही असेल, तर दहाव्या वर्षानंतर रक्तातली साखर बघावी. तीही कुठल्याही साध्या लॅबमध्ये होते.

आणि घेर बघायला तर लॅबही लागत नाही. मुलाच्या उंचीएवढा दोरा घ्या, मधोमध दुमडा आणि पोटाभोवती लावून बघा. टोकं जुळली तर ढोबळमानाने ठीक. हे घरातल्या सगळ्यांचं करा, बाबांचंही, म्हणजे एकट्या मुलाला वेगळं काढल्यासारखं होणार नाही.

मुलाच्या तीन मोजण्या झाल्या की आकडे इथेच लिहा, किंवा मला ईमेल करा. डॉक्टरांकडे जाताना त्याच्या जन्माच्या वजनाची नोंद असलेली लसीकरणाची फाईल आणि लहानपणी कधी लघवीच्या जंतुसंसर्गाने ताप आला असेल तर ते कागद बरोबर न्या.