रिम १९ ची, नंबर जुळला, ॲक्सल आत गेला… तरी ते चाक तुमच्या गाडीचं नाही

जुन्या मोटरसायकलसाठी वापरलेलं चाक घेताना ते कसं ओळखायचं याचा एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. त्यात पाच गोष्टी सांगितल्यात: रिम टेपने मोजा, स्पोकची भोकं मोजा, हबवरचा (चाकाच्या मधल्या तुंब्यावरचा) नंबर पार्टबुकात बघा, आपला ॲक्सल (चाकाचा मधला दांडा) घालून बघा, आणि रिमवर चांगल्या कंपनीचा शिक्का असेल तर ओरिजिनल समजून डोळे झाकून उचला. ऐकायला सोपं आहे म्हणून लोक धडाधड पुढे पाठवतायत, पण या पाचही गोष्टींत चुकीचं चाक आरामात पास होतं आणि त्यातली एक तर जिवावर बेतू शकते, म्हणून सविस्तर लिहितोय.

ती जिवावरची आधी घेतो, ॲक्सलची. "ॲक्सल सहज आत गेला म्हणजे चाक आपलंच." अहो, सहज गेला हीच तर काळजीची गोष्ट आहे! बऱ्याच जुन्या ब्रिटिश हबमध्ये इंची बेअरिंग असतं, आतून ३/४ इंच, बाहेरून १ ७/८ इंच आणि जाडी ९/१६ इंच. मिलिमीटरमध्ये ते झालं साधारण १९.०५, ४७.६३ आणि १४.२९. आता कुठेही मिळणारं मेट्रिक ६२०४ बेअरिंग बघा, २०, ४७ आणि १४ मिमी. हातात घेतलं तर दोन्ही सारखीच वाटतात, म्हणून कधीतरी कुणीतरी इंची बेअरिंग मिळेना तर ६२०४ ठोकून मोकळं झालेलं असतं. मग काय होतं, तर बेअरिंग हबमध्ये सहा दशांश मिलिमीटर ढिलं आणि ३/४ चा ॲक्सल बेअरिंगमध्ये जवळजवळ एक मिलिमीटर ढिलं, आणि तुम्ही मेसेज वाचून ॲक्सल घालता तर तो लोण्यात सुरी जावी तसा जातो.

मी स्वतः असं एक मागचं चाक घेतलंय. घरी आणून बेअरिंग काढलं तर हबच्या सीटवर, म्हणजे बेअरिंग बसतं त्या जागेवर, आतून गोल फिरून पंचच्या खुणा, तांदळाएवढे खड्डे, शेजारी शेजारी पंचवीस-तीस तरी असतील. ढिलं बेअरिंग धरून राहावं म्हणून पंच मारून कडा उचलल्या होत्या. विकणाऱ्याने "बेअरिंग नवीन टाकलंय" एवढंच सांगितलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. तेव्हा ॲक्सल घालून बघू नका, बेअरिंगवरचा नंबर वाचा, व्हर्निअर लावा आणि शक्य असेल तर बेअरिंग काढून सीट डोळ्याने बघा.

आता टेप. रिमचा साइज बाहेरच्या कडेवर मोजतच नाहीत, टायरचा बीड (आतली जाड कड) जिथे बसतो तिथला व्यास म्हणजे साइज. कड त्याच्या वर दोन्ही बाजूंनी साधारण १४ मिमी उभी असते, म्हणजे १८ ची रिम टेपने कडेपासून कडेपर्यंत मोजली की बरोब्बर १९ च्या आसपास भरते! लोक हीच १८ ची रिम १९ ची समजून घेऊन जातात आणि मग टायर चढवताना कळतं. रिमवरचा शिक्का वाचा, डब्ल्यूएम२-१९ म्हणजे रुंदी १.८५ इंच आणि व्यास १९, डब्ल्यूएम१ म्हणजे १.६०, डब्ल्यूएम३ म्हणजे २.१५. गंजाने शिक्का गेला असेल आणि टायर चढवलेला असेल तर टायरवरचा शेवटचा आकडा बघा, ३.२५-१९ मधला १९ तो रिमचा, ३.२५ मात्र टायरची रुंदी आहे, तिला रिमची रुंदी समजू नका.

हबच्या नंबरचं सांगायचं तर उठावदार आकडे असतील तर तो बहुतेक कास्टिंग नंबर असतो, ओतकामाच्या कच्च्या तुकड्याचा. एकाच कास्टिंगला वेगवेगळं मशिनिंग करून दोन-तीन मॉडेलचे हब बनवायचे, आणि पार्टबुकात नंबर असतो तयार पार्टचा. त्यामुळे पुस्तकात सापडला नाही म्हणून चांगलं चाक सोडू नका आणि दुसऱ्या हबशी जुळला म्हणून लगेच उचलूही नका. त्यापेक्षा ब्रेक ड्रमचा आतला व्यास घ्या. ७ इंची ड्रम म्हणजे १७७.८ मिमी. १८० भरत असेल तर एकतर तो लेथवर कापलाय किंवा मुळात मेट्रिक गाडीचा आहे, दोन्ही केसमध्ये तुमचे ब्रेक शूज त्यात नीट बसणार नाहीत.

"४० भोकांची रिम ४० भोकांच्या कुठल्याही हबवर बसते" हेही चूक. रिमची भोकं सरळ पाडलेली नसतात, त्या त्या हबच्या फ्लँजकडे (स्पोक अडकतात त्या कडेकडे) तोंड करून तिरकी पाडलेली असतात. लहान हबसाठी पाडलेली रिम मोठ्या फुल-विड्थ (पूर्ण रुंदीच्या) हबवर विणली की स्पोक निपलमधून (रिमच्या भोकातल्या स्पोकच्या नटमधून) बाहेर पडता पडताच वाकतो आणि पुढे तिथेच, आट्यांपाशी तुटतो. तपासायला सोपं आहे, भोकात निपल घालून त्यात जुना सरळ स्पोक फिरवा आणि त्याचं टोक फ्लँजच्या भोकाकडे जातंय का बघा.

शिक्क्याबद्दल फार लिहीत नाही. डनलप काय, बोरानी काय, यांच्या रिम कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांना लागायच्या. शिक्का रिम कुणी बनवली ते सांगतो, चाक कुठल्या गाडीचं ते नाही, आणि इतक्या वर्षांत रिम एकदा तरी बदललेली असतेच असं धरून चाला.

आणि जे त्या मेसेजमध्ये नाहीच ते म्हणजे ऑफसेट. बऱ्याच जुन्या गाड्यांची रिम हबच्या मधोमध नसते, ड्रमच्या एका बाजूला सरकवून विणलेली असते, कारण चेनची लाइन आणि फ्रेमची मधली लाइन दोन्ही जमवायच्या असतात. म्हणून तुमचं जुनं चाक कितीही वाकडं असलं तरी स्पोक कापायच्या आधी ड्रमच्या कडेवर सरळ पट्टी ठेवा, पट्टीपासून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर चार ठिकाणी मोजून सरासरी लिहून ठेवा, आणि चाक बघायला जाताना ब्रेक प्लेट, स्पेसर आणि तो कागद सोबत न्या.