वर्गातली केबीसी आणि ती खुर्ची

उजळणीचा तास आला की शाळेत 'केबीसी' घ्यायची, हे आता नवीन राहिलेलं नाही. २००० साली अमिताभ बच्चन यांनी सुरू केलेला खेळ, पुढे त्याचे मराठी अवतार, सचिन खेडेकर, नागराज मंजुळे... पोरांना नियम सांगावेच लागत नाहीत. पाचवीतलं पोरगंही 'लॉक किया जाए?' अगदी घोगरा आवाज काढून म्हणतं.

खेळ मला आवडतो. खटकते ती पुढे मांडलेली खुर्ची. एक जण खुर्चीत, बाकी वर्ग टाळ्या वाजवायला. टीव्हीवर ते चालतं, बघणाऱ्यांची करमणूक हाच तिथला धंदा. वर्गात शिकायचं असतं ते बघणाऱ्यांनीच! शिवाय खुर्ची मिळते कुणाला? दरवेळी त्याच चार हुशार पोरांना.

मला विचाराल तर त्या खेळातली उचलण्यासारखी गोष्ट एकच, ऑडियन्स पोल. फळ्यावर प्रश्न : १/२ + १/३ = किती? पर्याय २/५, ५/६, १/६, २/६. यातला एकही चुकीचा पर्याय उगाच टाकलेला नाही. वरचे वर, खालचे खाली मिळवणारी पोरं थेट २/५ वर जातात, घाईत वजाबाकी करणारी १/६ वर. सगळ्यांनी एकदम अ-ब-क-ड ची कार्डं वर करायची. अर्धा वर्ग २/५ वर दिसला तरी उत्तर सांगायचं नाही. शेजाऱ्याला पटवा म्हणायचं, आणि मग पुन्हा मत. हार्वर्डचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९०च्या दशकात भौतिकशास्त्राच्या वर्गात हेच रुजवलं. आमच्याकडे मागच्या बाकावरून आवाज येतो, "अगं, अर्ध्या भाकरीत अजून भाकरी घातली, तर ती अर्ध्याहून कमी कशी होईल?" माझं अर्धं काम तिथेच झालं.

फिफ्टी-फिफ्टीही ठेवते, पण दोन पर्याय पोरांनीच खोडायचे, कारण सांगून.

खुर्चीची ओढ मला कळते. अंजनगाव सुर्जीच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे २०१९ मध्ये तिथे बसून एक कोटी जिंकल्या. कुणाला बसावंसं वाटणार नाही? म्हणून खुर्ची आहे, पण ती मिळते मत बदलणाऱ्याला. बसायचं आणि आधी काय वाटलं होतं, मग का बदललं, ते सांगायचं. याला वेळ लागतो, त्यामुळे टिकटिकणारं घड्याळ बाद. तासाला जेमतेम तीन-चार प्रश्न होतात. पोर्शन मागे पडतो अशी कुरकुर स्टाफरूममध्ये चालते. चालू दे.