पांढरी एक म्हणजे शून्य

माझ्या कॉम्प्युटरवर 'बीप' ही सूर काढायची आज्ञा बी-ई-ई-पी अशी अक्षरं दाबून लिहिता येत नाही. बी दाबलं की पडद्यावर 'बॉर्डर' हा अख्खा शब्द उमटतो. या यंत्राच्या एकेका बटणात पाच-सहा शब्द भरलेले आहेत आणि त्यातला कुठला बाहेर येणार, हे आधी काय दाबलं होतं त्यावर ठरतं. बीप सापडतो झेडच्या बटणात. त्यासाठी कीबोर्डाच्या डाव्या टोकाचा कॅप्स शिफ्ट आणि उजवीकडचा सिम्बॉल शिफ्ट एकदम दाबायचा, कर्सरच्या जागी ई लुकलुकायला लागला की पुन्हा सिम्बॉल शिफ्ट धरून झेड. ई दिसण्याआधी घाई केलीत तर झेडमधून बीपऐवजी अपूर्णविराम निघतो. बटणं रबराची आहेत, त्यामुळे ती दाबली गेली की नाही हे बोटांना कळत नाही. कानांना कळतं, कारण दर बटणाला यंत्र बारीकशी 'टिक्' करतं. संगीत म्हणावं तर सुरुवातीला एवढंच होतं.

यंत्र म्हणजे सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम. १९८२ साली इंग्लंडात निघालेला घरगुती कॉम्प्युटर, मेमरी ४८ के. पुढे आपल्याकडे डेसिबेल्स नावाच्या कंपनीने परवाना घेऊन त्याची पुढची आवृत्ती बनवली, पण आमच्या काकांना धीर नव्हता. त्यांनी तो लंडनहून, स्वेटरात गुंडाळून आणला. त्यावर आम्ही चुलतभावंडं खेळ खेळलो, मग दहावी आली आणि तो माळ्यावर गेला. यंदा दिवाळीच्या साफसफाईत तो स्वेटरासकट खाली आला. बायकोने दोन ढीग केले होते, ठेवायचं आणि द्यायचं. मी त्याला तिसऱ्या ढिगात ठेवलं.

स्वेटरात मॅन्युअलही होतं आणि या सगळ्या प्रकरणाचं मूळ त्या मॅन्युअलात आहे. ते लिहिलंय स्टीव्हन व्हिकर्स यांनी, आणि फार छान लिहिलंय. हल्ली फ्रिजबरोबर जे सात भाषांमधलं पत्रक येतं त्यातला हा प्रकार नव्हे. त्यात बीपवर एक वेगळं प्रकरण आहे. उदाहरण म्हणून त्यांनी काय निवडावं? माहलर या संगीतकाराच्या पहिल्या सिंफनीतली शवयात्रा. लहान मुलांच्या हातात जायच्या यंत्राला पहिलं गाणं म्हणून शवयात्रा देणाऱ्या माणसाबद्दल माझा आदर दुणावला. पण त्याच प्रकरणात पुढे एक वाक्य आहे. काही संगीतात, आणि बहुतेक भारतीय संगीतात, अर्ध्या स्वराहून लहान अंतरं वापरतात. तीही बीपमध्ये काही त्रास न होता घालता येतात, असा त्याचा मतलब.

काही त्रास न होता!

बीपला दोन आकडे द्यावे लागतात. पहिला, किती सेकंद वाजायचं. दुसरा, किती उंच. मधला सी, म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी एक, हा शून्य. प्रत्येक अर्ध्या स्वराला एक आकडा वर किंवा खाली. काळी एक म्हणजे १, काळी पाच हवी तर वरची १० किंवा खालची उणे २. आणि आकडा पूर्णांकच असला पाहिजे असं नाही. अर्धा चालतो, पाव चालतो, दशांशाच्या पुढे वाटेल तेवढं चालतं. इंग्लंडातल्या कुणीतरी १९८२ सालीच आपल्या बावीस श्रुतींची सोय करून ठेवली होती आणि आम्ही त्या वयात तिथे अवकाशयानं पाडत बसलो होतो. मी त्याच संध्याकाळी ठरवलं, या यंत्रावर राग वाजवायचा.

आधी यंत्र सुरू व्हायला हवं. त्याचा मूळ अडॅप्टर कुठल्यातरी बदलीत गेला होता. पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या दुकानदाराला मी सांगितलं, नऊ व्होल्ट, आणि पिनेचा आतला भाग ऋण, बाहेरचा धन. "काका, उलटं सांगताय." मी म्हटलं, यंत्रच उलटं आहे. त्याने माझ्याकडे बघितलं, पेपरात गुंडाळलेल्या यंत्राकडे बघितलं आणि काही न बोलता वायरी कापून उलट्या जोडून दिल्या. वर म्हणाला, "उडालं तर मी नाही." टीव्हीचं त्यामानाने सोपं गेलं. सासूबाईंचा जुना डबा टीव्ही मालिका बघण्यासाठी बाद झाला होता. त्यावर छत्तिसाव्या चॅनेलच्या आसपास, मुंग्यांच्या मागे, कंपनीचं नाव आणि १९८२ हा आकडा दिसला. मुलगी म्हणाली, "बाबा, माझ्या फोनमध्ये तानपुऱ्याचं ॲप आहे, फुकट." हे वाक्य ती पुढेही अधूनमधून म्हणत राहिली.

पहिला राग भूप. पाचच स्वर, सरळ, शिकाऊ माणसाचा राग. ०, २, ४, ७, ९ आणि वरचा सा १२. प्रत्येकाला अर्धा सेकंद. आज्ञा दिली. आत कुठेतरी बसलेल्या बटाट्याच्या कापाएवढ्या स्पीकरमधून आरोह आला, अवरोह आला आणि पडद्याखाली यंत्राने स्वतःच शेरा मारला: '० ओके'. या आवाजाला कमी-जास्त करायचं बटण नाही. तो स्पीकर दोनच गोष्टी जाणतो, आत आणि बाहेर. प्रोसेसर त्याला सेकंदाला ठरल्या वेळा आत-बाहेर ढकलतो आणि ढकलत असताना दुसरं काहीही करत नाही. एका वेळी एक सूर, तोही पूर्ण लक्ष देऊन. या बाबतीत तो मला आमच्या पिढीतल्या कित्येक विद्यार्थ्यांपेक्षा बरा वाटला.

आत्या बाहेरच्या खोलीत वाटाणे सोलत होती. आत्याने आयुष्यभर गाणं शिकवलंय. आता शिकवत नाही, फक्त ऐकते, आणि ते जास्त भयंकर आहे.

"सकाळी सकाळी भूप लावलास?"

मला आनंद झाला. राग ओळखला गेला होता.

"की देशकार आहे?"

इथे माझी पंचाईत झाली. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच आहेत. भूपात सगळा भार गंधारावर, म्हणजे 'ग'वर, देशकारात धैवतावर, म्हणजे 'ध'वर. एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, एक सकाळचा. मी सगळ्यांना समान अर्धा सेकंद दिला होता. लोकशाहीत हे योग्य आहे, पण रागात अशाने दोन्हींपैकी काहीच होत नाही. मी म्हटलं, "ते ऐकणाऱ्यावर आहे." ती म्हणाली, "ऐकणाऱ्यावर काय आहे ते नंतर सांगते. आधी गंधार उतर. पेटीचा लावलायस."

पेटीबद्दल आत्याचं मत सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं. "बंदी उठवली आणि तिथेच घोळ झाला," असं ती लग्नकार्यातसुद्धा सांगते. तिचं म्हणणं, पेटीने सगळे स्वर सारख्या अंतरावर नेऊन बसवले. खरा गंधार साच्या सव्वापट असतो. तंबोरा नीट लागला की षड्जाच्या तारेतून तो आपोआप ऐकू येतो. पंचम दीडपट. आपल्या पाढ्यांमध्ये सव्वा आणि दीड आहेतच, मग आकडे काढायला कितीसा वेळ लागणार? लागला, कारण सव्वापटीचं बीपच्या आकड्यात रूपांतर करायला लॉगॅरिथम लागतो. आणि लॉगॅरिथम काढणारं एलएन हे फंक्शन कुठल्या बटणात आहे? झेडच्याच. बीप काढायला गेलं की एलएन, एलएन काढायला गेलं की अपूर्णविराम. अखेर यंत्राने उत्तर दिलं: ३.८६३१३७१. म्हणजे पेटीचा ४ चढा होता. सासकट सगळं दोनने खाली घ्यायचंही आलं, कारण आत्याचा सा काळी पाचचा.

नवा गंधार वाजला. वाटाण्याचा आवाज थांबला.

"गंधार बरा आहे," आत्या म्हणाली. "पण गाणारा मेलाय."

मेला म्हणजे काय, हे मी विचारायला नको होतं. स्वर जागेवर आहे, पण कुठून आला आणि कुठे चाललाय याचा त्याला पत्ता नाही, असं तिने सांगितलं. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, कुठे आहे? मी मींड लिहायला बसलो. सापासून पंचमापर्यंत एक-दशांशाच्या पायऱ्या, प्रत्येक पायरी सेकंदाचा शंभरावा भाग. कागदावर फार देखणं दिसत होतं. पण मधल्या सीची कंपनं सेकंदाला साधारण २६२. शंभराव्या भागात अडीच होतात. अडीच कंपनांत गाणं सोडा, माणसाला धड खाकरताही येत नाही. शिवाय दर बीपनंतर यंत्र पुढचा आकडा वाचतं, त्याचं गणित मांडतं, मग ढकलायला सुरुवात करतं. तेवढी फट पडतेच. सा आणि पंचम यांच्यामध्ये जे ऐकू आलं त्याला मींड म्हणवेना. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "दारावर कोणी आहे का बघ."

मग दरबारी. हा हट्ट होता, कबूल, पण मॅन्युअलातलं ते वाक्य मला चैन पडू देत नव्हतं. दरबारीचा कोमल गंधार एका जागी उभा राहत नाही, तो संथ झुलतो. ३ च्या खाली, २.७ ते ३ च्या दरम्यान मी तो वर-खाली करत फिरवला. आत्या शेवटपर्यंत ऐकून घेते, हा तिचा गुण आहे. ऐकून झाल्यावर म्हणाली, "आंदोलन म्हणतात याला? याला हिवताप झालाय. पांघरूण घाल आणि झोपव."

पडद्यावर होतं: '० ओके'.

एवढ्याशा स्पीकरवर कुणी काहीच केलं नाही असं मात्र नव्हे. टिम फॉलिन नावाच्या इंग्रज पोराने ऐंशीच्या दशकात, विशीच्या आत, याच आत-बाहेर करणाऱ्या स्पीकरमधून एका वेळी अनेक सूर काढून दाखवले. बीपसारख्या आज्ञा ज्या बेसिक भाषेतल्या, तिला हात न लावता थेट प्रोसेसरशी बोलून, सूर इतक्या वेगाने आलटून-पालटून की कानाला ते एकत्र वाटावेत. ते मी ऐकलंय आणि त्यानंतर माझं तंबोऱ्याचं काम गुंडाळलं. माझा तंबोरा प, सा, सा आणि खर्ज अचूक वाजवायचा, पण एक तार सुटली की आधीची गप्प. जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा झंकार, नाही, मिसळणं नाही. मुलगी एकच शब्द म्हणाली, "ॲप."

केलेलं साठवायचं, तर तेही आवाजातच. मूळ यंत्राबरोबर टेपरेकॉर्डर वापरायचे. आमचा टेपरेकॉर्डर केव्हाच भंगारात गेलाय, म्हणून वायर फोनला जोडली. माझा राग म्हणजे साठवल्यावर किंचाळी होते, ती फोन रेकॉर्ड करतो आणि परत ऐकवली की यंत्र त्यातून राग वाचतं. पडद्याच्या कडेला पट्टे धावत असतात तोवर घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही असं काही नाही, पण मी बोलू देत नसे. एका सकाळी राग अर्धा चढला होता आणि चुलत मेव्हण्यांनी कुटुंबाच्या गटावर गुलाबासह सुप्रभात पाठवलं. फोनने 'टिंग' केलं, ते टिंग वायरीतून आत गेलं आणि यंत्राने दरबारीच्या जागी 'टेप लोडिंग एरर' लिहिलं. गटावर एकामागोमाग एक उत्तरं येतात, हे आपल्याला माहीत आहेच. तेव्हापासून राग चढवताना फोन विमानात बसल्याच्या अवस्थेत असतो. आणि गुरुवारी यंत्र लावत नाही. पुण्यात गुरुवारी विजेचं काय होतं ते पुणेकरांना सांगायला नको, आणि या यंत्राची स्मरणशक्ती वीज असेपर्यंतच.

मी सगळं स्वेटरात परत गुंडाळायला घेतलं तेव्हा आत्या खुर्ची ओढून यंत्रासमोर येऊन बसली.

"तो सव्वापटीचा गंधार परत लाव. आता तो तिळभर खाली घे."

तिळभर म्हणजे किती? मी ०.०५ उतरवला. "एवढा नाही. हा जराशाने झाला." मग मी ०.०२ करून बघितला. "हं, हा तिळभर." तेव्हापासून रोज दुपारी हे चाललंय. तिच्या गुरूंनी कुठल्या रागात गंधार कुठे ठेवायला सांगितला होता, ते ती गाऊन दाखवते, मी आकडा शोधतो, ती मान हलवते, मी दशांशचिन्ह शोधतो. ते एमच्या बटणात आहे. राग वाजवायचा नाही, मींड नको, ठेका नको. फक्त एकच स्वर दहा सेकंद, तेवढाच यंत्राला एका दमात जमतो. त्या दहा सेकंदांत ती डोळे मिटून स्वतःचा गंधार त्यावर ठेवते आणि दोघांत फट राहिली की मला यंत्र चुकलंय असं सांगते. यंत्र चुकत नाही हे मला माहीत आहे, आणि तिलाही सांगायची माझी हिंमत नाही.

वहीत आता 'तिळभर' ०.०२, 'जरासा' ०.०५ आणि 'चांगलाच' ०.१५ असे पक्के झाले आहेत. 'किंचित' अजून ठरत नाही. मी ०.०३ धरला होता, पण काल तोडीचा कोमल गंधार घेतला, आणि आत्याच्या म्हणण्यानुसार तोडीतला किंचित हा यमनातल्या किंचितपेक्षा मोठा असतो.