गप्पी घ्या, मरत नाहीत

‘व्हिविपॅरस’ या इंग्रजी विशेषणाचा अर्थ मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीत मावतो: अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देणारे. आमच्या घरात तोच अर्थ दोन काचेच्या टाक्या, एक बादली आणि कैरीच्या लोणच्याची रिकामी बरणी एवढ्या जागेतही मावत नाही.

‘गप्पी घ्या साहेब, मरत नाहीत,’ असं शोभेच्या माशांचा दुकानदार म्हणाला होता. खरंच मरत नाहीत. पुढचं वाक्य मात्र त्याने पोटातच ठेवलं. पोटात ठेवण्याच्या बाबतीत ती मादीही त्याच्यावर गेलेली. नर एवढासा, शेपटी मात्र वरातीतल्या फेट्यासारखी. मादी थोराड, राखाडी, आणि शेपटीकडच्या बाजूला पोटावर एक काळा डाग. तो डाग गडद व्हायला लागला की साधारण महिन्याच्या चक्रातली घटका भरत आली, हे आता मी चष्मा न लावता सांगतो.

पहिलं बाळंतपण आम्ही सहकुटुंब पाहिलं. मादीच्या पोटाखालून एक वेटोळं बाहेर पडलं, क्षणभर तळाकडे गेलं, मग त्याला दोन डोळे फुटल्यासारखे दिसले आणि ते सुळकन शेवाळात पळालं. पळायचं कारण लगेच कळलं. दुसरं पिल्लू पडताच मातोश्री वळल्या आणि त्याला गिळून मोकळ्या झाल्या. ‘बाबा, आई खातेय त्याला!’ मुलगी किंचाळली. बायकोने मादीकडे जरा समजुतीच्या नजरेने पाहिलं. मे महिना होता, शाळेला सुट्टी होती.

उपाय म्हणून नराला बादलीत हद्दपार केलं. पुढच्या महिन्यात पुन्हा पिल्लं! त्याच्या पुढच्या महिन्यातही! ही मादी एकदा मिळालेलं बीज अंगात कित्येक महिने जपून ठेवते आणि सवडीने वापरते, ही माहिती मला बादली भरून झाल्यावर मिळाली. नर बिचारा विनाकारण बदनाम झाला.

शाळेत वेगळाच घोळ. ‘व्हिविपॅरस प्राण्यांची उदाहरणे लिहा’ याच्या उत्तरात मुलीने गाय, कुत्रा, वटवाघूळ यांच्या रांगेत गप्पी बसवला. बाईंनी त्यावर लाल फुली मारली. मासे अंडी घालतात, विषय संपला. मी इंटरनेटवर खोदलं तर तिसरंच विशेषण हाती आलं, ओव्होव्हिविपॅरस. म्हणजे अंडी असतात, पण ती आईच्या पोटातच फुटतात. हा शब्द नीट उच्चारेपर्यंत आमच्याकडे आणखी दोन पिल्लं होतात. सासऱ्यांनी तर मुळातच हात घातला. ‘आपल्याकडे चारच प्रकार. जरायुज, अंडज, स्वेदज, उद्भिज्ज. मासा अंडज.’ मी त्यांना टाकीसमोर खुर्ची दिली. ते बराच वेळ बसले आणि ‘कलियुग’ म्हणून उठले.

तेव्हापासून हे विशेषण माझी पाठ सोडत नाही. घोणस एका वेळी २०-४० पिल्लं देते. विंचवीणही पिल्लंच देते, वर त्यांना पाठीवर घेऊन हिंडते. खाडीतला कांदळ झाड असून यात सामील. त्याच्या फांद्यांना लोंबणाऱ्या हिरव्या शेंगा म्हणजे झाडावरच रुजलेली रोपं. वनस्पतीही ऐकत नाहीत म्हटल्यावर माशाला काय बोलणार?

त्रिनिदादच्या गपी नावाच्या गृहस्थांनी हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला धाडले आणि १८६६ मध्ये माशाला त्यांचं नाव मिळालं. शास्त्राची सेवा वगैरे ठीक आहे, पण गपींचा खरा हेतू मला चांगलाच ठाऊक आहे.

मीही सोसायटीच्या ग्रुपवर ‘गप्पी मासे मोफत’ टाकलं. अंगठे भरपूर आले, माणूस एकही नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तेवढं विचारलं, ‘तळून कसे लागतात?’ पूर्वी मोठ्या मनाने घेऊन गेलेल्या शेजाऱ्यांनी बरणी परत केली, व्याजासकट. नदीत सोडायचा सल्लाही मिळाला, पण ते करवत नाही. घाण पाण्यातही हे मजेत जगतात आणि इथल्या माशांच्या पोटावर पाय आणतात.

पावसाळ्यात हिवताप विभागाचा माणूस ड्रम आणि कुंड्या तपासायला दारात आला.

‘पाणी साठवता का? मग गप्पी सोडा. डासांच्या अळ्या खातात. आमच्याकडे फुकट मिळतात.’

‘अहो, तुम्हीच घेऊन जा की! हव्या तेवढ्या बरण्या देतो.’

त्याने आत डोकावून टाक्या पाहिल्या, बादली पाहिली. ‘नको साहेब. आमच्याच हौदात मावेनात.’

मग वहीत ‘गप्पी: आहेत’ अशी नोंद करून त्याने बायकोची सही घेतली, आणि जाता जाता शेजारच्यांची बेल वाजवली. शेजाऱ्यांनी दार उघडलं नाही.