बाबेलच्या काठावर

सांगलीला आमच्या गल्लीच्या गणपतीत आरती संपली की लाउडस्पीकरचा ताबा मंडळाच्या पोरांकडे जायचा आणि बोनी एम या डिस्को बँडची कॅसेट लागायची. 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन'वर आम्ही जीव तोडून नाचायचो. शब्द कुणालाच येत नव्हते, म्हणून प्रत्येकाने आपापले घातले होते. गजाननासमोर आपण बायबलमधलं शोकगीत नाचून साजरं करतोय, हे मला कळलं ते चौदा वर्षांपूर्वी बर्मिंगहॅमला आल्यावर, शेजारच्या जमैकन आजोबांकडून.

आजोबा रास्ता आहेत, म्हणजे जमैकातल्या रास्ताफारी पंथाचे. जटा कमरेपर्यंत, मांसाहार वर्ज्य. सोबत राहणारी त्यांची धाकटी बहीण पेंटेकोस्टल ख्रिस्ती, रविवारी चर्चला जाताना हॅट घालणारी. दोघांची बायबलं वेगळी, पण भाषांतर एकच, सतराव्या शतकातलं, राजा जेम्सच्या नावाचं. रविवारी दुपारी नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात वाढता वाढता दोघं त्यावरून कडाकडा भांडतात. मी अधूनमधून जेवायला असते, त्यामुळे पंच म्हणून माझी नेमणूक झालेली आहे.

ते गाणं मुळात बोनी एमचं नाहीच. १९७० मध्ये जमैकाच्या 'द मेलोडियन्स'नी ते रचलं, बायबलमधल्या १३७ व्या स्तोत्रावरून. बाबेलच्या, म्हणजे बॅबिलॉनच्या, नद्यांकाठी बसून सियोनच्या, म्हणजे जेरुसलेमच्या, आठवणीने रडणारे ज्यू बंदिवान, आणि त्यांना 'गा की तुमच्याकडचं एखादं गाणं' म्हणून डिवचणारे त्यांचे मालक. परक्या भूमीत परमेश्वराचं गीत गायचं कसं, असा बंदिवानांचा प्रश्न आहे. मेलोडियन्सनी तिथे 'परमेश्वरा'च्या जागी 'राजा अल्फा' घातला, म्हणजे इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी, ज्याला रास्ता देव मानतात. १९७८ मध्ये पश्चिम जर्मनीत बोनी एमचं रेकॉर्डिंग झालं तेव्हा राजा अल्फा गेला आणि परमेश्वर परत आला. आजोबांना त्याचा अजून राग आहे. बहीणबाईंच्या मते जर्मनांनी केलेलं ते एक चांगलं काम.

हे सगळं आता आठवायचं कारण आमच्या शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. तिथे धर्मांतरविरोधी कायद्यावरून पुन्हा जुंपली आहे. एका वर्गमित्राचा मुद्दा नेहमीचाच: बायबल गोऱ्यांचं, गोऱ्यांनी लादलेलं, ते घेणारा एकतर फसलेला किंवा विकला गेलेला. २०१९ मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो साहित्य संमेलनाचे अध्यक्ष निवडले गेले तेव्हाही त्याने हेच लिहिलं होतं. वसईत जन्मलेला, मराठीत बायबल आणणारा माणूस, आणि प्रश्न काय, तर हा आपला कसा?

लादण्याचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगिजांचं धर्मन्यायालय, होतं, आणि ते काही अफवा म्हणून नव्हतं. पण त्याच गोव्यात १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं, ओवीत, आणि त्यातली 'हरळांमाजी रत्नकिळा' आपण मराठी भाषा दिनाला छाती फुगवून म्हणतो. लिहिणारा थॉमस स्टीफन्स, चक्क इंग्रज. तेवढ्यापुरता तो आपला होतो.

लादण्याचाच हिशेब मांडायचा, तर जमैकाइतकं ठसठशीत उदाहरण मिळणं अवघड. १८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी म्हणून खास बायबल छापलं गेलं. त्यातून मोशे आपल्या लोकांना मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामगिरीतून सोडवतो तो भाग, म्हणजे 'निर्गम' या पुस्तकाचा बहुतेक मजकूर, कापलेला होता. धन्याची आज्ञा पाळा, हे मात्र जागच्या जागी. कात्री कुठे चालवायची हे छापणाऱ्यांना बरोबर ठाऊक होतं, कारण ग्रंथात काय आहे हे त्यांनी नीट वाचलेलं होतं.

पुढे त्या गुलामांच्या नातवंडा-पतवंडांनी नेमका तोच कापलेला भाग उचलला. २ नोव्हेंबर १९३० ला रास तफारी मकोनेन सम्राट हैले सेलासी झाला. यहूदाचा सिंह, राजांचा राजा, अशा त्याच्या पदव्या, आणि प्रकटीकरणाच्या पुस्तकात तेच शब्द. जमैकाची राजधानी किंग्स्टन, तिथल्या गरीब वस्त्यांनी दोन आणि दोन चार केले. ६८ व्या स्तोत्रात इथिओपिया देवाकडे हात पसरते, त्याच स्तोत्रात देवाचं नाव 'जाह'. डोक्याला वस्तरा लावू नये हा नाजीराचा, म्हणजे देवाला वाहून घेतलेल्याचा, नेम 'गणना' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला, म्हणून जटा. आणि बॅबिलॉन म्हणजे पोलीस, कोर्ट, साम्राज्य, ही सगळी व्यवस्थाच.

आपला माणूसही या कथेत डोकावतो. १८४५ पासून हिंदुस्थानी गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, जमैकात उतरले आणि 'गांजा' हा शब्द तिथेच राहिला. पंथाचे आद्य प्रचारक लेनर्ड हॉवेल यांनी आपलं पुस्तक जी. जी. मराघ या नावाने काढलं. हा मराघ म्हणजे आपला 'महाराज'. ग्रुपवर हे टाकल्याबरोबर 'बघा, सगळं आपल्याकडूनच गेलं' असा जल्लोष झाला. घेतलेलं परकं आणि दिलेलं मात्र आपलं, हा हिशेब मला कधी जमला नाही.

आजोबांचा देव मला पटतो असं नाही. स्वातंत्र्याची गाणी गाणाऱ्यांनी देव्हाऱ्यात बसवला तो एक सरंजामी सम्राट, आणि त्याच्याच राज्यात वोलो प्रांतात १९७३ ला दुष्काळाने माणसं मेली. तो स्वतः ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होता. १९६६ च्या एप्रिलमध्ये तो जमैकात उतरला तेव्हा विमानतळावर माणसांचा समुद्र लोटला होता. १९७० मध्ये इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्च तिथे आलं. जमैकाच्या रेगे संगीताचा सर्वांत मोठा गायक बॉब मार्लीने मृत्यूच्या काही महिने आधी, नोव्हेंबर १९८० मध्ये, त्याच चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. जेवणाच्या टेबलावर हा विषय निघाला की माझा घास हातातच राहतो.

"शेवटी आलाच ना येशूकडे!" बहीणबाई म्हणतात.

"इथिओपियाच्या चर्चमध्ये गेला. रोमच्या नाही, लंडनच्या तर नाहीच," आजोबा म्हणतात.

माझ्या मते दोघंही बरोबर आहेत. रेगेमधला ख्रिस्त शोधायला निघालात तर तो पानोपानी सापडतो, फक्त तो गोरा नसतो. आपल्याकडे ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक म्हणाले होते की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. असल्या पुलांची आपल्या कायद्यांना भीती वाटते, कारण त्यावर दोन्ही बाजूंनी रहदारी असते.

एकदा मी १३७ वं स्तोत्र शेवटपर्यंत वाचलं. शेवटच्या ओळीत बाबेलची तान्ही मुलं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटलं आहे. मेलोडियन्सनी ती ओळ घेतलेली नाही. तिच्या जागी १९ व्या स्तोत्रातली 'माझ्या मुखाचे शब्द तुला मान्य होवोत' ही प्रार्थना बसवली. म्हणजे कात्री त्यांनीही चालवली. गुलामांचं बायबल छापणाऱ्यांनी सुटका कापली, गाणाऱ्यांनी सूड कापला. ग्रंथ गोऱ्यांचा की काळ्यांचा यापेक्षा मला ही दोन कापाकाप्यांमधली तफावत मोठी वाटते. ग्रुपवर तसं लिहिलं. उत्तरादाखल सुप्रभातचं गुलाबाचं फूल आलं.

इथून हे बोलणं सोपं आहे, हेही खरंच. इथे तरी सगळं आलबेल कुठे आहे? शिखांना इथल्या कायद्याने १९८३ मध्ये वांशिक गट मानलं, म्हणजे भेदभावाविरुद्ध संरक्षण दिलं. पण जटा कापायला तयार नाही म्हणून नोकरी नाकारलेल्या एका रास्ता माणसाला १९९३ मध्ये कोर्टाने सांगितलं की तुमचा वांशिक गट होत नाही. आणि मी तर बॅबिलॉनमध्ये स्वतःच्या पायाने आले, व्हिसाची फी भरून.

गेल्या महिन्यात आजोबांनी विचारलं, "माझं सियोन इथिओपिया. जाणं झालं नाही, पण आहे. तुझं कुठे?"

मी पर्समधून ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड, काढून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते उलटसुलट पाहिलं, 'आजीवन' वाचलं, आणि इतके हसले की आतून बहीणबाई काय झालं म्हणून बघायला आल्या.