‘जखम उघडी ठेवा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात मावशीने टाचेवरची पट्टी स्वतःच काढून टाकली. तिला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. भेग चिरून जखम झाली होती, डॉक्टरांनी ड्रेसिंग लिहून दिलं होतं आणि ते कसं लावायचं हे मीच तिला दाखवलं होतं. का काढलीस म्हणून विचारलं, तर तिने मोबाइल पुढे केला. ‘जखम उघडी ठेवा, हवा लागली की लवकर सुकते. पट्ट्या न् जेल हा मेडिकलवाल्यांचा धंदा. फेस येणाऱ्या औषधाने रोज धुवा, फेस म्हणजे जंतू मरतात. भाजलं तर टूथपेस्ट लावा. दुखायचं थांबलं की जखम बरी झाली समजा.’ आणि खाली, सर्वांना पाठवा.

मी फार्मासिस्ट आहे. हाच मेसेज महिनाभरात काउंटरवर चौघांनी मला दाखवलाय. आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आधी शेवटचं वाक्य, कारण सगळ्यात घातक तेच आहे. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होत जातात. अशा पायाची जखम दुखत नाही म्हणजे ती बरी झाली असं नाही, ती कळत नाहीये एवढंच. मावशीने पट्टी काढून मोजा घातला होता आणि तो जखमेला चिकटला होता. तिने तो माझ्यासमोर ओढून काढला. सोबत नव्या कातडीचा पापुद्रा सुटून आला, मोज्यावर पिवळट डाग होता, आणि ती हूं की चूं न करता माझ्याशी बोलत राहिली. मला तिथे खाली बसावं लागलं. मधुमेह असेल तर पायाची जखम कितीही बारीक असो, डॉक्टरांना दाखवायचीच. ठणका नसला तरी लाली पसरतेय का, आजूबाजूला गरम लागतंय का, पू किंवा वास येतोय का, हे रोज बघायचं.

आता हवेचं. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाचा एक प्रयोग ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आला. त्यांनी डुकरांच्या अंगावरच्या काही उथळ जखमा पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्याने झाकल्या, काही उघड्या ठेवल्या. झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा साधारण दुप्पट वेगाने आली. कारण सरळ आहे. त्वचेच्या नव्या पेशी कडेकडून आत सरकत येतात. ओलाव्यावर त्या सहज सरकतात, पण खपली धरली की त्यांना त्या कोरड्या थराखालून वाट काढावी लागते. पुढच्याच वर्षी माणसांवरच्या प्रयोगातही असंच दिसलं. साठ वर्षं झाली या गोष्टीला!

किरकोळ खरचटणं उघडं राहिलं तरी बरं होतं, हे मान्य. आणि ओलावा म्हणजे जखम भिजत ठेवणंही नव्हे. कडा पांढऱ्याफटक, पाण्यात राहिलेल्या बोटांसारख्या सुरकुतल्या, तर ड्रेसिंग पुरेसं शोषत नाहीये. म्हणूनच काउंटरवर माझा पहिला प्रश्न असतो, ‘पाझरते किती?’ फारच पाझरत असेल तर फोम (स्पंजसारखी पट्टी) किंवा अल्जिनेट (भरपूर शोषणारी, तंतूंची पट्टी), थोडं असेल तर हायड्रोकोलॉइड (ओलावा धरून जेल होणारी चिकट पट्टी), कोरडी पडली असेल तर हायड्रोजेल (ओलावा देणारं पाणीदार जेल). नुसतं कोरडं गॉझ थेट जखमेवर ठेवू नका, काढताना ते नवी कातडी घेऊन येतं. आणि पू दिसत असेल तर हवाबंद पट्टी विकत घेण्याआधी डॉक्टर गाठा.

फेस येतो तो ऑक्सिजनचा. मेसेजमधलं ते औषध, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, आपल्याच रक्तातल्या आणि पेशींतल्या एका एन्झाइममुळे फुटतं, त्यामुळे स्वच्छ जखमेवरही फेस येतोच. शिवाय रोज ओतलं तर भरून येणाऱ्या पेशीही मरतात. स्पिरिटचंही तेच. साध्या जखमेला पिण्यायोग्य, वाहतं पाणी पुरतं. भाजल्यावर टूथपेस्ट नको, बर्फही नको. वीस मिनिटं गार वाहत्या पाण्याखाली धरा, बस्स.

राहिला ‘धंदा’. यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करते. प्रत्येक ओरखड्याला महागडं ड्रेसिंग लागत नाही, आणि अँटिबायोटिक मलम तर बहुतेकांना उगाच दिलं जातं. अशा मलमांतल्या निओमायसिनसारख्या औषधाने काहींच्या कातडीला अ‍ॅलर्जी होऊन जखम आणखी लाल होते. हे आमच्याच लोकांनी थांबवायला हवं. पण त्यावरचा उपाय पट्टी फेकणं कसा होईल?

आणि ज्याची खरी गरज, त्या धनुर्वाताच्या इंजेक्शनचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही. जखम खोल किंवा माती लागलेली असेल आणि शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षं उलटली असतील, तर डॉक्टरांना लगेच विचारा.

मावशीची जखम डॉक्टरांनी पुन्हा साफ करून दिली. आता ती रोज रात्री जमिनीवर आरसा ठेवून तळवा बघते. मेसेज तिला तिच्या मैत्रिणीकडून आला होता. त्या बाईंनाही शुगर आहे. हे लिहून झालं की पहिलं त्यांना पाठवणार आहे.